गाणं लिहिलं कोणी ते विचार

पप्पांच्या टॅक्सीतल्या कॅसेट अजून आमच्याकडे आहेत. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, माळ्यावर, एकूण २९. गेल्या रविवारी साफसफाई करताना डबा खाली काढला आणि मग साफसफाई तिथेच राहिली, मी आपली लादीवर बसून एकेक कॅसेट उघडून बघत बसले. आतल्या कागदावर जिथे कंपनीने नुसता गायकाचा फोटो आणि गाण्यांची नावं छापलीत तिथे पप्पांनी निळ्या पेनाने बारीक अक्षरात बाजूला लिहून ठेवलंय, गीत अमुक, संगीत तमुक. प्रत्येक गाण्यापुढे. जिथे माहीत नव्हतं तिथे जागा मोकळी सोडलीय, म्हणजे पुढे कधी कळलं तर भरता येईल.

पप्पा सातवी शिकलेले. परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख माणसं घरी बसली त्यातले एक. तेव्हा मी काही महिन्यांची होते. संप काही मिटेना, मग त्यांनी टॅक्सी चालवायचा बॅज मिळवला आणि दुसऱ्याची गाडी शिफ्टवर चालवायला घेतली, आणि १९९३ मध्ये कर्ज काढून स्वतःची पद्मिनी टॅक्सी घेतली. हँडलला गिअर, बाहेर लोखंडी मीटर, डॅशबोर्डखाली टेप. गाडीत टेप लावायच्या आधी सकाळी आकाशवाणीवर 'आपली आवड' लागायचं घरी, आणि निवेदिका गीत, संगीत, स्वर असं तिन्ही सांगायची ना, तेवढा वेळ पप्पा चहाचा कप हातात धरून थांबायचे. घोट पण घ्यायचे नाहीत. मला म्हणायचे, "गाणाऱ्याचं नाव सगळ्यांनाच ठाऊक असतं गं, लिहिलं कोणी ते विचार."

हे सगळं आज का सांगतेय तर मला एका कंट्री गाण्याबद्दल लिहायचंय. हो, अमेरिकेतलं कंट्री, ते हॅटवाले, पिकअप ट्रकवाले. माझा आणि त्या संगीताचा संबंध म्हणजे ऑफिसमधली वसईची मैत्रीण नाताळात जिम रीव्हज या जुन्या कंट्री गायकाची गाणी लावायची तेवढाच. पण २०२३ च्या जूनमध्ये माझा भाचा गिटार घेऊन आमच्याकडे भोईवाड्याला राहायला आला, कॉलेजच्या अ‍ॅडमिशनसाठी, आणि तो दिवसभर एकच तुकडा वाजवत बसायचा. कॅपो, म्हणजे गिटारच्या तारा दाबून धरणारा चिमटा, दुसऱ्या फ्रेटवर लावलेला, आणि तीच चार वळणं, फिरून फिरून तीच. पहिल्या दिवशी मी म्हटलं बास कर रे आता, तिसऱ्या दिवशी भांडी घासताना मीच तो तुकडा गुणगुणत होते. मग विचारलं, हे आहे काय? तर म्हणाला ल्यूक कोम्ब्स या कंट्री गायकाचं 'फास्ट कार', सध्या तिकडे जोरात चालू आहे. आणि मी, पप्पांचीच मुलगी, विचारलं, लिहिलंय कोणी?

त्याला माहीत होतं, शाब्बास पोराची. ट्रेसी चॅपमन.

तर गाण्याची गोष्ट अशी. ट्रेसी चॅपमन १९६४ ची, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात जन्मली, कृष्णवर्णीय, आईने एकटीने वाढवलेली. शिष्यवृत्तीवर चांगल्या शाळेत गेली, पुढे बॉस्टनजवळ टफ्ट्स विद्यापीठात शिकली आणि शिकता शिकता तिकडच्या हार्वर्ड स्क्वेअरमध्ये रस्त्यावर उभी राहून गायची. १९८८ च्या एप्रिलमध्ये तिचा पहिला अल्बम आला आणि त्यातलं हे गाणं. गीत तिचं, संगीत तिचं, स्वर तिचा. त्याच वर्षी ११ जूनला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर नेल्सन मंडेलांच्या ७० व्या वाढदिवसाचा मोठा कार्यक्रम होता, मंडेला तेव्हा अजून तुरुंगातच होते. ट्रेसीचं गाऊन झालं होतं खरं तर. पण प्रसिद्ध गायक स्टीव्ही वंडरच्या इलेक्ट्रॉनिक वाद्याची हार्ड डिस्क ऐनवेळी सापडेना, आता एवढ्या मोठ्या स्टेडियमसमोर करायचं काय, तर २४ वर्षांच्या या मुलीला परत पाठवलं, एकटी, एक गिटार घेऊन. तिने हे गाणं म्हटलं. जगभर टीव्हीवर चालू होतं ते. तिथून ते गाणं जे उठलं ते अमेरिकेच्या मुख्य चार्टवर सहाव्या नंबरपर्यंत गेलं. तेव्हा त्याला कोणी कंट्री म्हटलं नव्हतं हां, कंट्री रेडिओ हे वेगळंच घर होतं आणि त्या घरात कृष्णवर्णीय बाईला दार जवळजवळ बंदच असायचं.

आता गाण्यात काय आहे ते. एक मुलगी आहे. बाप दारूत बुडालाय, आई सोडून गेलीय, मग बापाकडे बघायचं कोणी, तर हिने शाळा सोडली. एका मुलाकडे गाडी आहे, वेगाने पळणारी, आणि हिला वाटतं या गाडीत बसून आपण इथून निघू, शहरात जाऊ, दोघं कमावू. जातात पण. तिला दुकानात बिलाच्या काउंटरवर काम मिळतं. तो काही काम करत नाही. वर्षं जातात, हिला बरी नोकरी लागते, सगळी बिलं हीच भरते, पोरं होतात, आणि तो रात्र रात्र बारमध्ये, पोरांपेक्षा मित्रांचं तोंड जास्त बघतो. म्हणजे ज्या बापाला सोडून निघाली तोच माणूस परत घरात येऊन बसलाय. चार-पाच मिनिटांत एक अख्खं आयुष्य, आणि एकही शब्द अवघड नाही.

मी ते शब्द फोनवर वाचले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी बराच वेळ गॅलरीत उभी राहिले. आमच्या चाळीत संपानंतर किती घरं अशी झाली ते मी डोळ्यांनी बघितलंय. पप्पा दारूला कधी शिवले नाहीत, पण आमच्या मजल्यावरच तीन घरं होती जिथे बाप संध्याकाळी कुठे सापडणार ते सगळ्यांना माहीत असायचं, आणि तिन्ही घरांत मोठी मुलगी शाळेतून निघाली होती. आठवीतून, नववीतून. घर बघायला. त्यातली एक माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मला वेणी घालून द्यायची, तिचं गणित इतकं पक्कं होतं की चाळीतली भिशी तीच लिहायची. तिच्या वाट्याला गाडीवाला पण आला नाही.

आणि ते काउंटर. १९९९ मध्ये पप्पांच्या पाठीचा मणका सरकला, चार महिने झोपून, गाडीचा हप्ता चालू, आणि मी एफवायला होते तर दादरला एका किराणा दुकानात बिलाच्या काउंटरला लागले. नाव नाही घेत दुकानाचं. सकाळी ९ ते रात्री ९, बसायला स्टूल होतं पण शेठ दुकानात असला की उभं राहायचं, आणि गल्ल्यात दहा रुपये कमी भरले तर पगारातून कापायचे, जास्त भरले तर त्याबद्दल अवाक्षर नाही. त्या चार महिन्यांत माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला शाईचा निळा डाग कायमचा बसला होता, कार्बन पेपरचा, साबणाने घासून पण जायचा नाही. रात्री घरी आले की पप्पा पडल्या पडल्या माझ्या हाताकडे बघायचे आणि तोंड फिरवायचे. पाचव्या महिन्यात पट्टा बांधून ते गाडीवर गेले आणि मी कॉलेजला. मला परत जाता आलं म्हणून आज मी अकाउंट्समध्ये आहे, नाहीतर त्या गाण्यातली बाई मीच.

आता ल्यूक कोम्ब्सकडे येते. १९९० चा, नॉर्थ कॅरोलायनाचा, दाढीवाला, धिप्पाड गडी. लहानपणी वडिलांच्या पिकअप ट्रकमध्ये कॅसेटवर हे गाणं ऐकायचा. आवडतं गाणं म्हणजे काय हेच कळायच्या आधीपासून हे त्याचं आवडतं गाणं, असं त्याने सांगितलंय. बापाची गाडी आणि कॅसेट, हे वाचलं तेव्हा मला तो एकदम आमच्या चाळीतलाच वाटला. २४ मार्च २०२३ ला त्याचा अल्बम आला, १८ गाणी, त्यात हे दुसऱ्याचं एक. सिंगल करायचं म्हणून केलेलंच नव्हतं. सिंगल म्हणजे कंपनी एक गाणं निवडते, ते वेगळं काढते, रेडिओवाल्यांकडे पाठवते, त्याच्यामागे जोर लावते, तसं. पण इथे लोकांनीच हे गाणं इतकं ऐकलं, इतकं ऐकलं की कंपनीला ते रेडिओकडे पाठवावं लागलं. जुलैत कंट्री रेडिओच्या चार्टवर एक नंबर. देशाच्या मुख्य चार्टवर दोन नंबर, म्हणजे १९८८ च्या मूळ गाण्याच्याही वर. आणि त्या दिवशी ट्रेसी चॅपमन ही अशी पहिली कृष्णवर्णीय बाई ठरली की जिने एकटीने लिहिलेलं गाणं कंट्री रेडिओवर पहिलं आलं. गाणं बाहेर येऊन ३५ वर्षं झाल्यावर.

इथे थोडं पैशाचं बोलते, कारण मी अकाउंट्सवाली आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला. गाणाऱ्याला त्या वाजण्याचे पैसे नाहीत. म्हणजे कोम्ब्सचा आवाज रेडिओवर दिवसरात्र वाजला आणि त्याचा मोबदला गेला चॅपमनकडे. आपल्याकडे काय होतं? वर्षानुवर्षं गीतकार-संगीतकाराला एकदा पाकीट मिळालं की विषय संपला, गाणं पुढे कितीही चालो. २०१२ मध्ये कॉपीराइटचा कायदा बदलला, जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले, तेव्हा कुठे रॉयल्टीचा हक्क लिहिणाऱ्याकडून कायमचा काढून घेता येणार नाही असं कागदावर आलं. त्याच बदलात अजून एक गोष्ट आली, की मूळ गाणं आल्यावर पाच वर्षं मालकाच्या परवानगीशिवाय कोणी त्याचं व्हर्जन, म्हणजे तेच गाणं दुसऱ्या आवाजात, काढायचं नाही.

व्हर्जन हा शब्द माझ्या पिढीच्या लोकांना बरोबर कळेल. ऐंशी-नव्वदच्या दशकात स्वस्तातल्या कॅसेट मिळायच्या, वर मोठ्या अक्षरात सिनेमाचं नाव, मूळ गायकाचं नाव बारीक अक्षरात 'यांनी गायलेली गाणी' वगैरे, आणि घरी आणून लावली की आवाज भलत्याचाच. पप्पांनी अशी एक आणली होती फुटपाथवरून. टेपमध्ये घातली, दोन ओळी ऐकल्या, बंद केली. गाणाऱ्याचा राग नाही आला त्यांना, तो बिचारा पोटासाठी गातोय म्हणाले, पण कागद उलटा-सुलटा करून बघितला तर कुठेच ना गीतकार ना संगीतकार, तेव्हा ते खरंच चिडले. ती कॅसेट पण डब्यात आहे. त्या कागदावर सगळं निळ्या पेनाने भरलंय त्यांनी, एकही जागा मोकळी नाही.

म्हणून मी कोम्ब्सचं गाणं ऐकायला बसले तेव्हा मनात धाकधूक होती, की याने आपलं काहीतरी केलं असणार. नाही केलं. ड्रम जरा भरीव आहेत, आवाजाला घोगरेपणा आहे, पण चाल तीच, सुरुवातीचा तो तुकडा तसाच, शब्द जवळजवळ सगळे तसेच. आणि एक शब्द तर मी मागे नेऊन पाच वेळा ऐकला. मूळ गाण्यात ती स्वतःला 'चेकआउट गर्ल' म्हणते, बिलाच्या काउंटरवरची मुलगी. हा एवढा दाढीवाला बाप्या, पण तोही 'गर्ल'च म्हणतो! बदलायला किती सोपं होतं, एक शब्द तर होता. नाही बदलला.

इंग्रजीत असं एका शब्दापुरतंच असतं, मराठीत विचार करून बघा, प्रत्येक क्रियापदाला आपण बाई की बाप्या ते सांगावं लागतं. पण आपल्याकडे हे नवीन नाहीये अजिबात. ज्ञानेश्वरांच्या विराण्या बघा, विरहिणी होऊन लिहिलंय त्यांनी. एकनाथांच्या गवळणी घ्या. आमच्या चाळीच्या भजनी मंडळात मिशा असलेले काका, दिवसा गोदीत हमाली करणारे, गवळण म्हणताना डोळे मिटून मी आले, मी गेले, मला यशोदेकडे जायचंय असं म्हणायचे आणि कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. कारण ते पद ज्याने लिहिलं त्याने तसं लिहिलंय, आणि गाताना आपण त्या गवळणीच्या जागी जाऊन उभं राहायचं असतं, तिला आपल्या जागी आणायचं नसतं. मला कोम्ब्सचं गाणं त्या भजनी मंडळासारखं वाटलं, आणि यापेक्षा मोठं कौतुक माझ्याकडे नाही.

तिकडे यावरून बोलणं पण बरंच झालं. की बघा, तेच गाणं गोऱ्या पुरुषाने म्हटलं तेव्हाच कंट्रीवाल्यांनी डोक्यावर घेतलं, तिचीच आजची एखादी मुलगी गिटार घेऊन आली असती तर रेडिओने वाजवलं असतं का. हे बरोबरच आहे, याला माझ्याकडे उत्तर नाही आणि कोम्ब्सच्या चांगुलपणाने ते प्रश्न मिटत नाहीत. ज्या बँजोशिवाय कंट्री होत नाही ते वाद्यसुद्धा मुळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांबरोबर तिकडे आलं. पण चॅपमन स्वतः काय म्हणाली, तर कंट्रीच्या चार्टवर आपण असू असं कधी वाटलं नव्हतं, पण हा मान वाटतो, आणि ल्यूकसाठी आनंद आहे. एवढंच. ती फार बोलत नाही, वर्षानुवर्षं दौरे करत नाही, मुलाखती क्वचितच देते.

नोव्हेंबरात एक गंमत झाली, गंमत म्हणजे माझ्यापुरती. २९ ऑक्टोबर २००३ ला मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून पासिंग झाली होती, टॅक्सी २० वर्षंच चालवता येते, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी नाही. आमची तर २०१३ लाच गेली होती, भंगारवाला घेऊन गेला तेव्हा पप्पांनी टेप तेवढा काढून ठेवला. पण शेवटची पद्मिनी गेली ही बातमी पेपरात आली त्या दिवशी ते जेवले नाहीत नीट. आणि त्यानंतर नऊ दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, नॅशव्हिलला कंट्री संगीताचे सीएमए पुरस्कार झाले. तिकडे दोन वेगळे पुरस्कार असतात, आणि हे मला तेव्हाच कळलं. 'सिंगल ऑफ द इयर' हा रेकॉर्डला, म्हणजे गाणाऱ्याला आणि ती रेकॉर्ड बनवणाऱ्यांना. 'साँग ऑफ द इयर' हा लिहिणाऱ्याला. सिंगलचा कोम्ब्सला मिळाला. साँगचा ट्रेसी चॅपमनला, हा पुरस्कार मिळालेली पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. ती गेली नव्हती, आभाराचा निरोप पाठवला होता, तो स्टेजवरून वाचून दाखवला.

मग ५ फेब्रुवारी २०२४, सोमवार सकाळ, अमेरिकेत अजून रविवारच. ग्रॅमी, म्हणजे तिकडचे संगीताचे मोठे पुरस्कार. मी ऑफिसला निघायच्या गडबडीत, डबा भरत होते, भाच्याचा मेसेज आला, मावशी आत्ताच्या आत्ता बघ. अंधारात एक हात दिसतो, गिटारवर, तोच तुकडा वाजवणारा. मग कॅमेरा वर जातो आणि ट्रेसी चॅपमन. केस पांढरे झालेले, काळा शर्ट, आणि चेहऱ्यावर असं हसू की लोकांच्या ओरडण्याने तिला जणू ऊब मिळतेय. बाजूला कोम्ब्स. आणि त्याच्याकडे बघा तुम्ही, तिची ओळ असते तेव्हा त्याचे ओठ हलत असतात, आवाज न काढता, आणि नजर तिच्यावरून हलत नाही. शेवटी तिला वाकून नमस्कार करतो. मी गॅस बंद केला आणि पोळपाटावर तशीच पोळी ठेवून पूर्ण बघितलं. ८:१० ची गेली.

पप्पा खुर्चीत पेपर वाचत होते. तेव्हा ७२ वर्षांचे होते, कान एक कमी ऐकतो. त्यांच्या चांगल्या कानाशी फोन धरून परत लावलं आणि ओळ ओळ थांबवून मराठीत सांगत गेले, बाप, शाळा, गाडी, काउंटर. काउंटर म्हटल्यावर त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं. डाग कधीच गेलाय.

सगळं झाल्यावर पहिला प्रश्न तोच. मी म्हटलं हिनेच, पप्पा. गीत, संगीत, स्वर तिन्ही. त्यांनी पेपरच्या कडेला लिहून घेतलं, चॅपमनमधला 'चॅ' कसा काढायचा ते विचारून. मग म्हणाले, शेवटी काय होतं, बाई निघते का तिथून?

मी म्हटलं नाही, ती त्याला म्हणते तुझी गाडी घे आणि तू जा.

पप्पा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "गाडी कशाला दिली त्याला? हप्ते तर तीच भरत असणार."